चाकांचा फोटो पाहिलात, त्याबद्दल

यॉर्क, पेनसिल्व्हेनिया
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या. मोबाईलवर वाचत डोळे ताणू नका.

गेल्या रविवारी ट्रॅक्टरच्या डेकचा फोटो पाठवला. आईने अंगठा पाठवला. बाबांनी दोन दिवसांनी एकच ओळ लिहिली, "आता हे विकताना कोण घेणार?"

बाबा, तुमच्या लक्षात येणारच होतं. विकायच्या वस्तूला कुणी स्वतःच्या हाताने वेल्डिंग करत बसत नाही. पुढच्या वर्षी आम्ही तिकडे राहायला परत येत नाही. हे तुम्हाला फोटोवरून कळायला नको होतं. चुकलं माझं.

आधी चाकांचं सांगते, ते सोपं आहे.

डेक म्हणजे गवत कापायच्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली लटकणारा पाच फुटी उपडा पत्र्याचा टब, आत तीन पाती. त्याच्या पुढच्या कोपऱ्यांना कंपनीची कडक प्लॅस्टिकची चाकं येतात, बशीएवढी. ती खरं तर सतत जमिनीवर चालायला नसतातच. बोटभर वर असतात, उंचवटा आला की टेकतात आणि डेक उचलून धरतात, नाहीतर पातं माती खरवडतं. सपाट हिरवळीवर उत्तम. आमची जमीन कुठली सपाट! थंडीत गोठून फुगते आणि मार्चमध्ये बसते ती वेडीवाकडी. त्यात ग्राउंडहॉगची, म्हणजे इथल्या घुशीसारख्या जाड्या प्राण्याची, बिळं, शिवाय सेप्टिक टँकचं पाणी जिरतं तिथली माती कायम भुसभुशीत. चाक रुततं, डेकचा कोपरा खाली जातो आणि गवतात टकलाचा पट्टा पडतो. हनुवटीचे टाके आठवतात ना? बेअरिंगच्या गाड्याचे? तोच प्रकार. त्या रात्री डॉक्टरांकडून येताना मला सायकलच्या नळीवर बसवून तुम्ही म्हणाला होतात, "खडा मोठा नव्हता गं, चाक लहान होतं." आई मागून चालत होती आणि दोघांनाही बोलत होती.

तर गवत कापायच्या दुसऱ्या एका यंत्राची पुढची चाकं भंगारात मिळाली, हवेची, नऊ इंची, ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी स्वतःभोवती वळणारी. डेकच्या पत्र्याला वेल्डिंग केलेलं नाही, घाबरू नका. पत्रा तापला की ओढतो, हे दापोडीच्या वर्कशॉपमधून आल्यावर तुम्ही जेवताना इतक्यांदा सांगितलंय की आईलाही पाठ असेल. चौकोनी पाइपचे दोन हात केले, पत्र्याला आतून-बाहेरून पाव इंची प्लेट दिली आणि बोल्टने आवळलं. डेक ट्रॅक्टरखालून काढून, बाजूला घेऊन काम केलं. आधी टॅक, म्हणजे नुसते वेल्डचे ठिपके, मग गुण्या लावून काटकोन बघितला, मग पूर्ण वेल्ड. पुरे गुण मिळाले नसतेच. मागे जाताना ही चाकं गर्रकन पूर्ण फिरतात, आणि डेक पुढच्या-मागच्या टायरांच्या मधे अडकलेला. हात लांब केला तर चाक पुढच्या वळलेल्या टायरला लागतं, आखूड केला तर डेकला. मी आखूड केला. पुठ्ठ्याचं चाक कापून आधी फिरवून बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. घाई, तुमच्यासारखी नव्हे, आईसारखी. दोन्ही हात कापून पुन्हा केले, या वेळी जरा बाहेरच्या अंगाला, आणि डेक वर उचलून, खाली सोडून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासलं.

आता बिळावरून गेलं तरी डेक हलतो, बुडत नाही. एवढा आनंद मला पगारवाढीला झाला नव्हता.

आणि इथेच दुसरी गोष्ट येते. आधी आम्ही म्हणायचो, ग्रीन कार्ड झालं की येऊ. ते झालं. मग म्हणालो, लेकीची आठवी होऊ दे. तीही झाली. जावयांची नोकरी, घराचं कर्ज, तिकडची ट्रॅफिक, प्रदूषण, सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती तुम्हाला एकेक करून पाठवत राहिले. पण एप्रिलमध्ये पहिलं गवत कापून झाल्यावर इंजिन बंद करून मी तशीच सीटवर बसून राहिले होते, आणि तेव्हा लक्षात आलं की मला इथून उठायचंच नाही. मला इथं आवडतं, आई. तुम्ही आवडत नाही म्हणून नव्हे. हे वाक्य वेडगळ आहे, पण खोडत नाही.

दादा-वहिनी वरच्या मजल्यावर आहेत म्हणून मी निवांत आहे असं समजू नका. वहिनीवर सगळं टाकायचं नाही हे आमच्यात बोलून झालंय. पोळ्यांच्या मावशींचे पैसे मी देते, त्या रविवारीही येतील. बाथरूममध्ये दोन ठिकाणी धरायचा दांडा बसवायला माणूस बुधवारी येईल. टाइल्सना भोकं पडतील, पडू देत. आईचं रक्त तपासायला लॅबचा मुलगा घरी येतो, त्याला "पुढच्या महिन्यात ये" सांगून परत पाठवू नका. डिसेंबरात मी पाच आठवडे येतेय, तिकीट काढलंय, एकटी येतेय, म्हणजे पूर्ण वेळ तुमचीच. आणि मे महिन्यात तुम्ही इकडे या. खालची खोली तुमची, उंबरा नाही, कमोड उंच आहे, सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. बाबांना ट्रॅक्टरवर बसता येईल. चालवता नाही. बसता.

आता ऐका. बाबा, अवजारांची पेटी माळ्यावरून काढायची नाही. दादाला सांगायचं, आणि तो आळस करेल तर मला सांगायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वेल्डिंगचा उजेड नुसत्या हाताआडून बघणं कायमचं बंद. आईच्या वॉकरला चाकं लावायचा विचार माझा फोटो बघून तुमच्या डोक्यात आला असणार, मला ठाऊक आहे. नाही म्हणजे नाही. त्याला रबरी बुचंच बरी, तो घसरता कामा नये. आई, तू उपवासाच्या दिवशी गोळी घेऊन नंतर साबुदाणा खातेस हे मला वहिनीने सांगितलेलं नाही, मी ओळखलंय. वहिनीवर चिडू नकोस. पाण्याची घागर उचलू नकोस. आणि माझ्या काळजीत रात्री जागू नकोस. उतारावर मी आडवी चालवत नाही, पट्टा बांधते, डोक्यावर लोखंडी कमान आहे आणि सीटवरून उठलं की यंत्र आपोआप बंद पडतं.

रागावला असाल तर रागवा, पण दोघांनी मिळून, मला फोन करून रागवा. बाबांचा नुसता "बरं" नको.

आणि बाबा, एक अडलंय. डावं चाक वेग वाढवला की थरथरतं, उजवं नाही. हवा दोन्हीत सारखी आहे, बेअरिंगमध्ये प्ले नाही. पिव्होटची नळी, जिच्यात चाकाचा दांडा फिरतो ती, मला उभ्यात सरळ दिसते, पण माझा गुण्या स्वस्तातला आहे. पिव्होटमध्ये नायलॉनची वॉशर घालून थोडं घट्ट करू, की नळी कापून परत लावू? कागदावर आकृती काढा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. शनिवारपर्यंत डेक खाली काढूनच ठेवते.

तुमची,
ठमी