तक्रार: भिंत ‘१०० टक्के पूर्ण’, पाण्याला वाट नाही

प्रति,
व्यवस्थापक, प्रकल्प व ग्राहक सेवा विभाग

विषय: मुळशी तालुक्यातील डोंगरउतारावरील घराचे काम. डोंगराची माती अडवणाऱ्या भिंतीमागे (रिटेनिंग वॉल) निचरा नाही, स्लॅबचे टेकू मुदतीआधी काढले, तरीही पुढच्या हप्त्याची मागणी.

महोदय,

आज, २० मे रोजी, तुमच्या कार्यालयाशी झालेला फोन हा पाचवा. सहावा करणार नाही, म्हणून लेखी कळवतो आहे. ताम्हिणीच्या पट्ट्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो. हातात जेमतेम तीन आठवडे उरलेत.

घराच्या वरच्या अंगाला १८ मीटर लांब आणि ३.६ मीटर उंच आरसीसी भिंत आहे. ड्रॉइंगप्रमाणे तिच्यात १०० मिमीचे २४ वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर काढणारी भोकं, हवेत, दोन रांगांत, दीड-दीड मीटरवर, खालची रांग जमिनीपासून ३०० मिमी वर. प्रत्यक्षात ११ आहेत आणि ते सगळे वरच्या रांगेतले. खालची रांग टाकलेलीच नाही. त्या अकरांत सळई घालून पाहिली, तर सातांमध्ये ती वीतभर जाऊन अडते. माल ओतताना पाइपांची तोंडं बंद केली नव्हती, त्यामुळे आत सिमेंटची पातळ स्लरी जाऊन घट्ट बसली आहे. चार मिनिटांचं काम होतं. सिमेंटच्या गोणीचा तुकडा कोंबला असता तरी भागलं असतं.

भिंतीमागे ४५० मिमी खडीचा फिल्टर, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) आणि त्यामागे मुरूम हवा होता. तिथे खोदाईत निघालेली तांबडी चिकण माती जेसीबीने एका दमात ढकलली आहे. चिकण माती पाणी सोडत नाही, धरून ठेवते. भिंतीमागे पूर्ण उंचीला पाणी साचलं, तर एका रनिंग मीटरवर नुसत्या पाण्याचा ढकल साडेसहा टन होतो, १८ मीटरला ११६ टन. मातीचा दाब त्यावर वेगळा. आणि या भिंतीपासून मागची बेडरूम फक्त २.४ मीटरवर आहे.

आता आजच्या फोनविषयी. खालची रांग नाही असं मी सांगितल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “सर, सिस्टिममध्ये रिटेनिंग वॉल १०० टक्के कम्प्लीट दिसतेय.” वीप होल कुठे दिसतात असं विचारलं, तर “तो आयटम वेगळा नाही.” मग साइट इंजिनिअरना लाइनवर घेतलं. ते म्हणाले, “पाऊस लागला की पाणी कुठून येतंय ते बघू आणि तिथे भोक मारू.” मागे फिल्टर नसताना भोक मारलं तर पाण्याबरोबर माती वाहून येते, वरची जमीन खचते आणि भोक पुन्हा बुजतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. साइट इंजिनिअरला हे ग्राहकाने सांगावं लागलं! मुरमाऐवजी माती का भरली, यावर उत्तर आलं, “डंपरचं भाडं वाचलं, तुमचाच फायदा.” तुमच्या बिलात ३४ ब्रास मुरूम लावलेला आहे. हे वाचून दाखवल्यावर दोघंही गप्प. आणि शेवटी प्रतिनिधींचं वाक्य: “सर, व्हिडिओ बघून टेन्शन घेऊ नका, डोंगरात घर म्हटलं की थोडं पाणी येणारच.”

थोडं पाणी? जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५०० मिमीच्या वर पाऊस झाला. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, इरशाळवाडी १९ जुलै २०२३ ला. सह्याद्रीच्या उतारावर घर बांधून देण्याचे पैसे घेणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. मला ते फार लागलं.

मूळ दोष तुमच्या कामाच्या क्रमात आहे. प्लॉटच्या वरच्या कडेचा चर, ६०० मिमी रुंद आणि तेवढाच खोल, डोंगराचं पाणी बाजूच्या ओहोळात वळवण्यासाठी आहे. तुमच्या वेळापत्रकात तो ‘लँडस्केपिंग’मध्ये, म्हणजे दिवाळीनंतर आहे. सपाटीवर निचरा शेवटी केला तर चालून जातं. उतारावर तो पायाच्या आधी लागतो. ओतलेलं काँक्रीट मोजून तुम्ही प्रगती ५५ टक्के दाखवता, पण पावसाळा काढू शकेल असं त्यात काहीही नाही.

स्लॅबचंही तेच. २ मे रोजी भरला, ८ मे रोजी टेकू काढून प्लेटा दुसऱ्या साइटवर नेल्या. स्पॅन ४.८ मीटर आहे. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे ४.५ मीटरच्या वर टेकू १४ दिवस ठेवायचे, आणि तेही साध्या ओपीसी सिमेंटला. तुम्ही पीपीसी (राखेसारखी भुकटी मिसळलेलं सिमेंट) वापरलंय, ते आणखी सावकाश ताकद धरतं. सात दिवसांच्या क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या नमुन्याचा ठोकळा दाबून केलेल्या ताकदीच्या चाचणीचा, निकालही तेव्हा हातात असणं शक्य नव्हतं. आज स्लॅबच्या तळाला मध्यभागी स्पॅनला आडवी केसासारखी चीर दिसते आहे. आणि याच स्लॅबचा १५ टक्के हप्ता तुम्ही मागता आहात.

हप्ता मिळणार नाही. आधी हे करा: भिंतीमागचा भराव सहा-सहा मीटरच्या टप्प्यांत उकरा, एकदम नको. सळ्या लोकेटरने आखून त्यांच्या मधून कोर कटरने खालची रांग पाडा, बुजलेले सात होल मोकळे करा. तळाशी १६० मिमीचा छिद्रांचा पाइप उतार देऊन टाका. त्यावर खडी, मग जिओटेक्स्टाइल, मग मुरूम २०० मिमीच्या थरांत प्लेट कॉम्पॅक्टरने. वरचा चर याच आठवड्यात, जेसीबीला दोन दिवस पुरे आहेत. स्लॅबखाली टेकू परत लावा आणि २८ दिवसांच्या क्यूबच्या निकालासह स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं सहीचं पत्र द्या.

भिंतीला खालची रांगच नाही, हे पुन्हा लिहितो, कारण पाचही फोनवर ते कुणी नोंदवून घेतलेलं नाही.

तुमच्या माहितीपत्रकात ‘डोंगरउतारावरील घरे हीच आमची खासियत’ असं छापलं आहे. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून तुमची निवड केली होती. २५ मेपर्यंत काम सुरू झालं नाही, तर तारखेसह फोटो, तुमचं मुरमाचं बिल आणि हे पत्र घेऊन ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार दाखल करतो आहे. दुसऱ्या कंत्राटदाराकडून निचरा करून घेतला, तर त्याचा खर्चही तुमच्याकडूनच वसूल करीन.

जेसीबी कोणत्या दिवशी येतो ते लेखी कळवा. फोन करू नये.

आपला,
प्लॉटधारक