चि. मुक्तास, आईच्या आजाराबद्दल

सदाशिव पेठ, पुणे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही एकमेकांना बोलू देत नाही, म्हणून लिहितोय. परवा निघताना तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही उपचारांचे तक्ते करत बसा, तोवर आई उपाशी मरेल." ते तिने स्वयंपाकघरातून ऐकलं. तुझी बस सुटेपर्यंत गप्प होती. नंतर म्हणाली, "अहो, तुमच्यावर गेलीय." तेव्हा तिच्याकडून तो विषय मिटला. माझ्याकडूनही मिटला असं समज.

आईला अकॅलेशिया आहे, म्हणजे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडत नाही आणि घास अडकतो; त्यावर हैदराबादला नेऊन पोएम ही शस्त्रक्रिया करावी, हे तुझं म्हणणं मला पटत नाही असं नाही. तिथल्या एआयजी हॉस्पिटलात पोएम पुष्कळ होतात, त्यांचा हात बसलेला आहे, पोटावर कुठे छेद नाही, तोंडावाटे दुर्बीण घालून आतल्या आतच स्नायू कापतात. जपानच्या डॉ. इनोऊंनी २००८ मध्ये ती पहिल्यांदा केली, हे तू पाठवलेल्या लेखातच वाचलं. पण २०१९ चा तो युरोपातला अभ्यासही नीट बघ. पोएम आणि लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटावर छोटी छिद्रं पाडून, होणारं हेलरचं ऑपरेशन, दोन्ही समोरासमोर ठेवली होती. दोन वर्षांनी गुण आलेले ८३ टक्के आणि ८२ टक्के. बँकेत असतो तर मी हा फरक सोडून दिला असता. आम्लाने अन्ननलिका सुजलेले मात्र पोएममध्ये ४४ टक्के आणि हेलरमध्ये २९. हेलरमध्ये झडप सैल केली की जठराचा थोडा भाग त्यावर शिवून घेतात, आम्ल वर चढू नये म्हणून. जिला आधीच रात्री सगळं उलटून वर येतं, तिला... असो. रात्रीचं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

मॅनोमेट्रीला, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजतात त्या तपासणीला, तू नव्हतीस. नाकातून बारीक नळी पार जठरापर्यंत घातली, आडवं निजवलं आणि सिरिंजने पाच-पाच मिलिलिटर पाणी तोंडात सोडत गेले, असं दहा वेळा. ती तंत्रज्ञ मुलगी म्हणायची, "काकू, आता एकदाच गिळा." आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण दर घोटाला मान हलवून "झालं" अशी खूण करत होती. मी दारातून पडदा बघत होतो. नीट गिळणाऱ्याचा रंग वरून खाली तिरका उतरत जातो म्हणे. हिचा वरपासून खालपर्यंत एकदम उभा पट्टा उमटायचा, आणि तळाशी झडपेची आडवी रेघ जशीच्या तशी. अन्ननलिकेच्या भिंतीतल्या मज्जापेशीच गेल्यात. त्या परत येत नाहीत. कुठलाही उपचार घेतला तरी झडप सैल करायची आणि अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचं, एवढंच हातात आहे. पण तिचा दुसरा प्रकार निघाला, आणि अकॅलेशियाच्या तिन्ही प्रकारांत तो उपचाराला सगळ्यात चांगली दाद देतो. तिसऱ्याला पोएम बरी पडते; तो असता तर मीच तुला हैदराबादची तिकिटं काढायला सांगितली असती.

आईचं मत तू विचारलंस का? तिला फुग्याचं बरं वाटतंय, कारण त्यात कापाकापी नाही. ३० मिलिमीटरचा फुगा झडपेत नेऊन फुगवतात, नाही भागलं तर ३५ चा. क्वचित अन्ननलिका फाटते, आणि काही वर्षांनी पुन्हा करावं लागू शकतं. २०११ च्या अभ्यासात दोन वर्षांनी फुग्याला ८६ टक्के आणि हेलरला ९० टक्के यश होतं. माझा कल हेलरकडे, तुझा पोएमकडे, तिचा फुग्याकडे. नंदूमामाचा साताऱ्याच्या वैद्यांकडे, तो आपण धरायचा नाही. (बोटॉक्सही देतात, पण त्याचा गुण काही महिनेच टिकतो. ज्यांना भूल झेपत नाही त्यांच्यासाठी ते ठीक.)

एक गंमत सांगतो. या आजाराचं पहिलं वर्णन विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६७४ मध्ये केलं, म्हणजे इकडे महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी. त्याचा रोगी देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून घास खाली ढकलायचा आणि त्यावर वर्षानुवर्षं जगला. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग मला एक काडी आणून द्या, मंडईत मिळेल."

आता थांबण्याचं कारण. तुला सांगू नका असं तिने बजावलं होतं, पण तू माझ्यावर जो आळ घेऊन गेलीस त्यावर हे सांगणं भाग आहे. छातीच्या एक्स-रेत उजवीकडे खाली छाया दिसली. रात्री वर आलेलं थोडं फुप्फुसात गेलंय. अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे. छाती साफ झाल्याशिवाय भूल द्यायला डॉक्टर तयार नाहीत. म्हणून थांबलोय. तक्ता तोवर करतोय, नुसतं बसून राहवत नाही म्हणून.

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्यात. सहाला जेवण उरकतं. तरी दीड-दोनला ठसका लागतोच. मग ती उठून बसते, मी पाठ चोळतो. पुन्हा झोपली की मी जागा. श्वास नीट चाललाय का ते ऐकत राहतो. बघ, लिहिलंच शेवटी.

वजन ५८ वरून ४७ वर आलंय. तुला आठवतं का माहीत नाही, सिंहगडावर तू माझ्या खांद्यावर असायचीस आणि आई पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर मडक्यातल्या दह्यावर ताव मारायची, वर तुझी उरलेली भजीही संपवायची. माई म्हणायच्या, सुनेला जेवताना बघावं. आता मऊ भात आणि ताक. घास, मग पाणी, मग उभी राहून खांदे मागे ओढते आणि थांबते. "उतरलं" म्हणाली की मग मी माझा पुढचा घास घेतो. ठरवून नाही, तशी सवयच लागलीय.

आणि तू. लॅपटॉपसमोर बसून पाच मिनिटांत जेवण उरकतेस, न चावता. आईचं बघूनही? निदान दुपारी तरी खाली कँटीनमध्ये जाऊन... राहू दे. घाईघाईने जेवल्याने हा आजार होत नाही, मला माहीत आहे. आईकडून लेकीकडेही सहसा येत नाही, तेही डॉक्टरांना विचारून घेतलं. वर्षाला लाखात एखाद्याला होतो. माझं लेक्चर मनावर घेऊ नकोस.

तू केलेली फाइल डॉक्टरांनी चाळली. अ‍ॅसिडिटी, अ‍ॅसिडिटी म्हणून गिळलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी तारखांसकट. म्हणाले, "मुलगी मेडिकलला आहे का?" मी म्हटलं, नाही, सॉफ्टवेअरला. आईने मला कोपराने ढोसलं, कारण मी ते जरा मोठ्याने म्हटलं.

आईने त्यांना एकच विचारलं, पंगतीला बसता येईल ना? ते म्हणाले, बसाल, पण सावकाश आणि पाण्याचा पेला जवळ ठेवून. पप्याच्या लग्नाचं तिच्या डोक्यात आहे.

पुढच्या गुरुवारी पुन्हा एक्स-रे आहे. छाती साफ निघाली तर तिथेच काय ते ठरवायचं. तू ये. तिच्यासमोर आपण दोघांनी भांडायचं नाही, आपापलं एकदा सांगायचं आणि मग ती म्हणेल ते. फुगा म्हणाली तर फुगा. हैदराबाद म्हणाली तर मी बॅग भरतो.

तुझा,
बाबा

ता. क. विम्याच्या पॉलिसीची झेरॉक्स सोबत आहे. टीपीएला, म्हणजे विम्याचे दावे बघतात त्यांना, तूच फोन कर, मला ते तासभर गाणं ऐकवतात. आणि आईला रात्री साडेआठच्या आत फोन करत जा. नंतर ती तुझ्याशी बोलता बोलता आडवी होते, आणि मी किती सांगितलं तरी ऐकत नाही.