सिस्टिम नेमकी कुठे अडते, हे मुलांना शोधू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प म्हणजे नुसती नक्कल, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. मी वीस वर्षे ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. एका वेगळ्या प्रकल्पाबद्दल सांगावेसे वाटते.

गेल्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थ्यांनी लॅबच्या जुन्या पीसीवर क्यूईएमयूमध्ये (संगणकातच दुसरा संगणक भासवणारा प्रोग्राम) डेबियन ग्नू/हर्ड ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवून पाहिली. १९९० पासून विकसित होत असलेली हर्ड ही मायक्रोकर्नलवरची, म्हणजे अगदी मोजकीच कामे करणाऱ्या छोट्या गाभ्यावरची सिस्टिम. मुळाशी ग्नू माक हा मायक्रोकर्नल, आणि फाइली, नेटवर्क अशी कामे वेगवेगळ्या सर्व्हर प्रोसेसकडे. लिनक्सवर बघता बघता उलगडणारी टार फाइल (अनेक फाइलींचे एकच गाठोडे) इथे चांगलीच रेंगाळली. मुलांनी अहवालात लिहिले, ‘मायक्रोकर्नल असल्यामुळे मंद.’ ते वाक्य मी लाल पेनने खोडले.

कारण ते उत्तरच नव्हे. १९९३ मध्ये योखेन लीटके या जर्मन संगणकशास्त्रज्ञांनी ४८६ प्रोसेसरवर मोजून दाखवले होते की छोटा संदेश पोचवायला माकला ११५ मायक्रोसेकंद लागतात, तर त्यांच्या स्वतःच्या एल३ या मायक्रोकर्नलला फक्त ५. मायक्रोकर्नल दोन्हीही!

मग मुलांनी हर्डमधले आरपीसीट्रेस हे संदेशांची नोंद दाखवणारे साधन वापरले. पडदाभर ओळी धावू लागल्या. त्यांनी त्या छापून काढल्या आणि ‘डिर_लुकअप’ (फाइल शोधण्याची विनंती) दिसेल तिथे हिरव्या पेनने खुणा केल्या. अकरा कागद हिरवेगार. पण हे साधन प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून प्रत्येक संदेश स्वतः घेते आणि पुढे देते. त्यामुळे वेळेचे गणित बिघडते, आणि सर्व्हरच्या आत काय चालले आहे ते कळतच नाही. सरकारी कचेरीत अर्ज पाच टेबले फिरतो, पण आवक-जावकचे शिक्के फक्त पहिल्या खिडकीवर, तसे हे. माकच्या संदेशावर क्रमांक असतो, पण तो कामाचा प्रकार सांगतो. मूळ अर्ज कोणाचा हे सांगत नाही.

पुढचा भाग मला सर्वांत आवडला. हर्डमध्ये फाइलसिस्टिमचा सर्व्हर साध्या प्रोग्रामसारखा एखाद्या डिस्क इमेजवर वेगळा चालवता येतो, मशीन रीबूट करावे लागत नाही. मुलांनी ईएक्सटी२एफएस या फाइलसिस्टिम-सर्व्हरच्या कोडमध्ये विनंती येण्याची आणि जाण्याची वेळ टिपणाऱ्या ओळी घातल्या. नोंदी पडद्यावर छापल्या की छपाईच वेळ खाते, म्हणून त्या मेमरीतच साठवल्या. निघाले काय? त्या कामात बहुतेक वेळ डिस्कच्या उत्तराची वाट पाहण्यात गेला होता. त्यापलीकडे माग कर्नलच्या दाराशी संपला, कारण आत टिपणारे काही नव्हते.

चालू कर्नलच्या आत अशा नोंदी टिपण्याची सोय लिनक्सला केप्रोब्स या साधनामुळे २००४ मध्ये मिळाली. त्यात आयबीएमच्या बंगळूरमधल्या अभियंत्यांचा मोठा हात होता. सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००५ साली डीट्रेस हे असेच साधन आले. गरज नसताना त्याचा भार जवळपास शून्य, आणि त्याच्या भाषेत लूपच (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना) नाही, म्हणजे तपासणीमुळे सिस्टिम लटकण्याची भीती नाही. मायक्रोकर्नलवर असे साधन बसवायचे तर एकाच विनंतीची खूण सर्व्हरमागून सर्व्हर पोचवावी लागेल. काम अवघड आहे, पण आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, “यात अॅप कुठे आहे?” आणि गुण कापले. त्या दिवशी मुलांचे चेहरे पाहवत नव्हते. विद्यापीठांना माझी कळकळीची विनंती आहे, प्रकल्पाच्या गुणपत्रकात ‘मोजमाप आणि कारणशोध’ असा स्वतंत्र रकाना ठेवा. परीक्षक नेमताना सिस्टिमचे काम केलेला निदान एक तरी असू द्या.

त्या दोघांचा कोड आमच्या लॅबमध्ये जपून ठेवला आहे. यंदा दोन मुलींनी तिथूनच पुढे काम सुरू केले आहे. त्यांनी नेटवर्कचा सर्व्हर निवडला आहे.

आपली,
एक प्राध्यापिका, सांगली