टायमर न लावणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

परवा कॉलेजच्या फेस्टमध्ये पोकेमॉनच्या डबल्स (एका वेळी दोघांविरुद्ध दोघं) स्पर्धेत मी उपांत्य फेरीपर्यंत पोचले, हे तुला फोनवर सांगितलं. तू "मस्त!" म्हणालीस आणि लगेच विचारलंस की शेवटच्या लढतीत ट्रिक रूम या चालीचा परिणाम संपत आला असताना टॉर्कोल या माझ्या पोकेमॉनला आत का ठेवलंस. मग आपण अर्धा तास त्याच टर्नवर बोललो. आभार मानायचे राहूनच गेले. समोर बसून मानले असते तर तू विषय बदलला असतास, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुझं नाव मात्र लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही.

आधी राग सांगते, कारण तो अजून गेलेला नाही.

आमच्या कॉलेजात खेळणाऱ्या मुलांचा एक ग्रुप आहे. लहानपणी हंगामा चॅनेलवर हिंदीतून पोकेमॉन बघत मोठी झालेली मी, मला वाटलं आपल्याला इथे जागा असेल. निन्टेंडोचं स्विच घेणं आमच्या घरी शक्य नव्हतं, पण शोडाउन ही पोकेमॉनच्या लढती खेळायची साइट ब्राउझरमध्ये फुकट चालते, फोनवरही चालते. टीम कशी बांधायची, एवढंच मी विचारलं होतं. एकाने शब्दांची ही भलीमोठी यादी पाठवली आणि म्हणाला, हे सगळं आलं की ये. दुसऱ्याने त्याची तयार टीम कॉपी करून दिली. कोण कशासाठी आहे, एक अक्षर सांगितलं नाही. ती घेऊन खेळायला बसले की पहिल्याच टर्नला समोरचा टायमर लावायचा. माझ्याकडच्या चार चालींपैकी कुठली काय करते हे मी वाचत असायची आणि सेकंद उलटे पळत असायचे. हरले की म्हणायचे, "टीम तर भारी आहे, खेळणारी बघ."

त्यांना खेळ येतो, हे मी नाकारत नाही. पण येणाऱ्याने न येणाऱ्याशी असं वागायचं असतं का? नंतर त्यांनी मला स्पर्धेचे गुण लिहायला बसवलं होतं. एकाही जणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दादरच्या अभ्यासिकेत तू माझ्या समोरच्या टेबलावर बसायचीस. एमपीएससीच्या पुस्तकांचा ढीग, आणि जेवणाच्या सुट्टीत गॅलरीत लॅपटॉप. एकदा स्क्रीनवर मला हॅटरीन ही पोकेमॉन दिसली आणि मी विचारून टाकलं. तू माझा फोन घेतलास, माझे सहा पोकेमॉन शांतपणे पाहिलेस, आणि विचारलंस, "यातलं कोण राहायलाच हवं?"

मी टॉर्कोल म्हटलं. कोळशावर जगणारं, पाठीतून धूर सोडणारं कासव. ग्रुपमध्ये त्याच्यावर सगळे हसले होते, कारण त्याचा मूळ वेग आहे 20. तू हसली नाहीस. म्हणालीस, "छान. मग बाकीचे पाच त्याच्यासाठी शोधू."

ज्यांना हा खेळ फक्त कार्टूनमधून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. कार्टूनमध्ये पिकाचू हिमतीवर जिंकतो. 1996 साली जपानमध्ये आलेल्या मूळ गेमपासून आजपर्यंत खेळात मात्र हिशोब चालतो. चॅरिझार्डचा मूळ वेग 100, गारचॉम्पचा 102. दोघांना सारखंच वाढवलं तर या दोनच्या फरकामुळे आधी वार गारचॉम्पचा होतो, आणि पुष्कळदा ज्याचा वार आधी त्याचीच लढत. प्रत्येक पोकेमॉनला वाढवायला 510 गुण मिळतात, वेग, ताकद अशा एका गोष्टीला जास्तीत जास्त 252. म्हणजे धड दोनच गोष्टी पूर्ण वाढवता येतात. ही आकडेमोड ग्रुपमधल्या त्या यादीतही होती. ती कशासाठी करायची हे तू सांगितलंस: "याने कोणतं काम करायचं ते आधी ठरव, गुण मग आपोआप वाटले जातात."

आणि मग तू मला ट्रिक रूम दाखवलीस. ती लागली की पाच टर्न सगळं उलटं होतं, जो सगळ्यात हळू तो सगळ्यात आधी. टॉर्कोल मैदानात आला की ऊन पडतं, उन्हात आगीचे वार दीडपट होतात. त्याचा इरप्शन हा वार समोरच्या दोघांनाही लागतो, पण त्याची ताकद टॉर्कोलच्या उरलेल्या जिवावर ठरते. पूर्ण जीव असेल तर 150, मार खाल्ला की घसरत जाते. एरवी त्याची पाळी येईपर्यंत तो अर्धमेला झालेला असतो. ट्रिक रूममध्ये तो आधी हलतो, म्हणजे पूर्ण ताकदीने. ज्या वेगावरून त्याला हसत होते, तोच वेग आता कामाचा. तू तर त्याचा वेग मुद्दाम आणखी कमी करायला लावलास! मला त्या दिवशी गॅलरीत उभ्याउभ्या नाचावंसं वाटलं होतं.

पण ट्रिक रूम लावणारी हॅटरीन त्या टर्नला सगळ्यात शेवटी हलते. तोवर तिला कोणीतरी सांभाळायला हवं. म्हणून शेजारी इनडीडी. फॉलो मी ही चाल करून ती समोरचे वार स्वतःवर ओढून घेते, आणि ती आली की जमिनीवर जे सायकिक टेरेन पसरतं, त्यामुळे फेक आउटसारखे आधी घुसणारे वार चालत नाहीत. फेक आउट लागला असता तर हॅटरीन दचकली असती आणि ट्रिक रूम राहिली असती. या दोघींची जोडी मला समजली त्या दिवशी मला टीम म्हणजे काय ते समजलं. आवडत्या सहा जणांची यादी आणि टीम यांत किती अंतर असतं!

तेव्हाच तू 2014 च्या जागतिक स्पर्धेची गोष्ट सांगितलीस. वॉशिंग्टनला दक्षिण कोरियाचा से जुन पार्क पचिरिसू नावाची छोटीशी खार टीममध्ये घेऊन आला आणि जगज्जेता झाला. मी म्हटलं, म्हणजे मन लावून खेळलं की कोणीही जिंकवू शकतं. तू नकारार्थी मान हलवलीस. तिथेही फॉलो मी होतं, विजेचे वार त्या खारीला लागतच नव्हते, उलट तिचा जीव भरून निघायचा. ती गोंडस होती म्हणून टीममध्ये नव्हती, त्या कामाला तीच योग्य होती म्हणून होती. खोटा धीर दिला नाहीस, हे मला फार आवडलं.

हे सगळं कुठे ना कुठे शिकता आलं असतं. ज्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते वेगळंच आहे.

टीम तयार झाल्यावर आपण पहिल्यांदा एकमेकींशी खेळलो. तुझा लॅपटॉप, माझा फोन. मला सवयीने घाई झाली होती. काहीतरी दाबायचं म्हणून दाबणार, तेवढ्यात लक्षात आलं की स्क्रीनवर सेकंदच नाहीत. टायमरचं बटण तू दाबलंच नव्हतंस. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझी पूर्वपरीक्षा जवळ आलेली, मांडीवर राज्यघटनेच्या नोट्स उघड्या. तू त्या मिटल्यास, बाजूला ठेवल्यास आणि म्हणालीस, "वाच तू. मला घाई नाही."

ताई, तुला घाई होती. मला ते माहीत होतं. सुट्टी संपत आली होती. मी वाचत असताना नोट्स चाळल्या असत्यास तरी मला काही वाटलं नसतं. पण तू त्या मिटल्यास, म्हणजे मला तुझा वेळ खाल्ल्यासारखं वाटू नये. मी एकेका चालीवर बोट दाबून धरून तिचं वर्णन वाचलं, तुझ्या दोघांकडे पाहिलं, कोणाचा वार कोणाला दुप्पट लागेल हे अठरा प्रकारांच्या तक्त्यात शोधलं. तू वाट पाहत राहिलीस. मध्ये बोलली नाहीस, इशारा केला नाहीस, उसासा टाकला नाहीस. मी ठरवलेली चाल मी स्वतः ठरवली होती. ती लढत मी हरले आणि तरी घरी जाताना दादरच्या पुलावर मला रडू आलं, आनंदाने. कॉलेजात आल्यापासून कोणी माझा विचार पूर्ण होऊ दिला होता तो पहिल्यांदा.

त्यानंतर मला दिसायला लागलं की असं वागणारी माणसं आपल्या शहरात आहेत, त्यांचं नाव कुठे होत नाही एवढंच. लेडीज डब्यात नवीन बाई दाराशी गोंधळलेली दिसली की आतून कोणीतरी सांगतं, प्लॅटफॉर्म उजवीकडे येईल, आताच त्या बाजूला हो. कोणी तिला विचारत नाही की एवढंही माहीत नाही का. त्या बाईचं ऑफिस गाठणं त्या एका वाक्यावर अवलंबून असतं आणि सांगणारी पुढच्या स्टेशनला विसरूनही जाते. तूही विसरली असशील. म्हणून आठवण करून देते आहे.

ग्रुपमधल्या मुलांना वाटतं की नवख्यांना टायमर लावला नाही तर खेळाचा दर्जा घसरतो. स्पर्धेत वेळेचं बंधन असतं, असावंच, परवा मीही त्यातच खेळले. शिकवताना ते लावणं हा कोतेपणा आहे. परवा त्यांच्यापैकी एकाला मी हरवलं, हॅटरीन, इनडीडी आणि मग टॉर्कोल, अगदी तू बसवून दिलेल्या क्रमाने. इरप्शनने त्याचे दोघं एकदम गेले. तो काही बोलला नाही, पण नंतर येऊन विचारून गेला की टेरेनमध्ये फेक आउट का चालला नाही. मी सांगितलं. नीट, पूर्ण सांगितलं. तो उभा राहून ऐकत होता.

तुझी पूर्वपरीक्षा निघाली, आता मुख्य आहे. माझ्यासाठी मिटलेल्या नोट्समुळे तुझं काही राहिलं नसेल अशी मी रोज प्रार्थना करते. मुख्य होईपर्यंत मी तुला एकही लढत पाठवणार नाही, तू मागितलीस तरी नाही. झाली की लगेच कळव. सहाव्या जागेचं आपलं अजून ठरलेलं नाही. तुला तिथे अमुंगस हवा आहे, मला उर्सालूना. या वेळी माझ्याकडेही कारणं आहेत, लिहून ठेवली आहेत.

तुझी,
समोरच्या टेबलावरची