शेवटचे देयक काढण्याआधी संकेतस्थळ तपासून घ्या

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

संकेतस्थळ मानकांप्रमाणे बांधले आहे की नाही, हे पाहायला आज पैसे लागत नाहीत. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या व्हॅलिडेटर या साधनात संकेतस्थळाचा पत्ता टाकला की एचटीएमएलमधल्या, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, चुका ओळीच्या क्रमांकासकट समोर येतात. चित्राला त्यात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर नाही, अर्जातल्या रकान्याला नाव नाही, अक्षरांचा रंग फार फिका आहे, हे वेव्ह नावाचे साधन दाखवते. लाइटहाऊस हे गुण देणारे तपासणीचे साधन तर क्रोम ब्राउझरमध्ये आधीपासूनच असते. या तपासण्या झाल्याशिवाय कोणत्याही विभागाने कंत्राटदाराचे शेवटचे देयक काढू नये, ही माझी मागणी आहे.

त्यासाठी नवा कायदा नको. सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे 2009 पासून आहेत आणि 2023 च्या तिसऱ्या आवृत्तीत डब्ल्यूसीएजी 2.1 ची, म्हणजे दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची, 'एए' पातळी अपेक्षित आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पण केवळ यंत्राने दिलेल्या गुणांवर विसंबू नका. मराठी पानांच्या बाबतीत तर मुळीच नको. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये भाषा सांगणारी एक खूण असते, मराठीसाठी 'एमआर'. इंग्रजी साचा उचलून त्यात मराठी मजकूर भरला की तिथे इंग्रजीचे 'ईएन' तसेच राहून जाते. मग दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो आणि कानावर अर्थहीन तुकडे पडतात. लाइटहाऊस मात्र खूण आहे का आणि तिचा कोड वैध आहे का, एवढेच पाहते. 'ईएन' वैध आहे, म्हणून गुण पूर्ण! चित्राला 'इमेज 1' एवढेच नाव दिले तरी तपासणी पार पडते.

जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संगणकीय मानकाआधीच्या) फाँटमधल्या परिपत्रकांचे दुखणे याहून खोल आहे. पडद्यावर मराठी दिसते, आत रोमन अक्षरे असतात. अशा पीडीएफमधली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी, लगेच कळेल. स्कॅन करून टाकलेल्या कागदात तर मजकूरच नसतो, नुसते चित्र असते. ज्या योजनेचा लाभ दिव्यांगांना द्यायचा, तिचेच परिपत्रक त्यांना वाचता येऊ नये, हे मला अतिशय क्लेशदायक वाटते.

आणखी एक. पत्ता टाकून चालणारी साधने लॉगिनच्या पलीकडे जात नाहीत. नागरिकाचे खरे काम तिथेच असते: ओटीपी, कॅप्चा, कागद जोडणे, शुल्क भरणे, पावती. मुख्यपृष्ठ लखलखीत आणि कॅप्चाला आवाजाचा पर्याय नाही, तर दृष्टिहीन अर्जदार दारातच अडतो आणि आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देतो. वेव्हचे ब्राउझरमध्ये बसवायचे रूप लॉगिननंतरची पानेही तपासते. ते वापरायला हवे.

त्यानंतर माणसाने तपासावे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि तो रोज वापरणारे लोक राज्यात आहेत. त्यांना रीतसर मानधन देऊन अर्ज पहिल्या पानापासून पावतीपर्यंत भरून पाहायला सांगा, मराठीतून. वर उल्लेखलेल्या निकालातही केवायसी, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी, करणाऱ्या संस्थांना अंतिम चाचणीत दृष्टिहीनांना सहभागी करून घ्यायला सांगितले आहे. राज्याने स्वतःला याहून सैल नियम लावू नये.

निविदेतच ही अट घाला. अहवाल त्याच संकेतस्थळावर ठेवा आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर नवा काढा, कारण साचा बदलला की दुरुस्त केलेल्या चुका परत येतात. सुरुवात आपल्याच विभागाच्या संकेतस्थळाच्या अहवालाने व्हावी, ही विनंती.

आपला,
संकेतस्थळांची चाचणी करणारा एक नागरिक, पुणे