सँडी हुकच्या किनाऱ्यावरून मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कोकणात वेळासला कासवांची अंडी हॅचरीत हलवून राखतात, तसे इथे पक्ष्यांसाठी का करत नाहीत, असे तू विचारले आहेस. कासवीण अंडी पुरून समुद्रात परतते. पुढे ती वाळूच्या उबेवर वाढतात, म्हणून हलवता येतात. न्यू जर्सीतील सँडी हुकला मी स्वयंसेवक म्हणून ज्याची राखण करतो, तो पायपिंग प्लोव्हर आपल्या चिखल्याच्या कुळातला. त्याचे घरटे म्हणजे उघड्या वाळूतला खळगा, आणि त्यातल्या चार अंड्यांवर नर-मादीला आळीपाळीने सुमारे चार आठवडे बसावे लागते. तेव्हा इथे हलवायची ती माणसे.

अंड्यांना कोणी हातही लावत नाही, तरी ती जातात. जवळच कोणी चादर अंथरून बसले की पक्षी उठतो, भर उन्हात अंड्यांवरची सावली जाते आणि कावळ्यांना व कुरवांना वाट मोकळी होते. पंख मोडल्याचे सोंग करून, लंगडत माणसाला घरट्यापासून दूर नेणाऱ्या पक्ष्याचे लोक कौतुकाने फोटो काढतात, आणि तेवढा वेळ घरटे उघडे पडते. पतंगाचीही पक्ष्यांना धास्ती वाटते, कारण वर तरंगणारी ती आकृती त्यांना शिकारी पक्ष्यासारखी दिसते. संक्रांतीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटायला जरा वेळ लागतो!

घरट्यांभोवती खांबांना बांधलेली दोरी कोणालाही ओलांडता येते, म्हणून तिच्यापाशी उभे राहून समजावणारा माणूस मला फलकापेक्षा महत्त्वाचा वाटतो. शिवाय पिल्ले जन्मल्यावर काही तासांतच चालू लागतात, आणि उडता येईपर्यंत जवळजवळ महिनाभर पाण्याच्या कडेला स्वतःच किडे टिपत हिंडतात. ती दोरीच्या आत थांबत नाहीत. गाडीच्या चाकोरीत दबून बसली तर चालकाला दिसतही नाहीत. नेमक्या त्याच दिवसांत ४ जुलैच्या सुट्टीची गर्दी लोटते, आणि लोकांनी टाकलेल्या खाण्यामुळे कुरव व कोल्हे येतात ते वेगळेच.

१९८६ साली या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा अटलांटिक किनाऱ्यावर सुमारे ७९० जोड्या होत्या. आज त्या दोन हजारांहून अधिक आहेत. कायद्याशिवाय हे झाले नसते, पण दर उन्हाळ्यात दोरीपाशी माणसे उभी राहिली नसती तर नुसत्या कायद्यानेही झाले नसते, असे माझे मत आहे.

येणार असशील तर जूनमध्ये ये. दुर्बीण मात्र बरोबर आण, कारण मी तुला दोरीच्या आत नेणार नाही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना बाकमित्र