महालक्ष्मीच्या मैदानाला कंपनीचं नाव नको

मा. संपादक,

महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेवर होणाऱ्या उद्यानाबद्दल आपल्या पत्रात जे जे छापून येतं ते मी वाचते आणि कात्रण काढून ठेवते. झाडं किती, गाड्या कुठे लावायच्या, रस्ता कुठून जाणार, यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्या जागेच्या नावाबद्दल मात्र कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील त्या रेसकोर्सवर सायस होते. सदतीस वर्षं. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, घोड्याचं सगळं करणारा माणूस. जुन्या मराठीत मोतद्दार. आम्ही सात रस्त्याला चाळीत राहायचो. वडील पहाटे साडेतीनला उठून चालत तबेल्याकडे जायचे. घोडा फिरवून आणायचा, खरारा करायचा, म्हणजे ब्रशने त्याचं अंग घासायचं, खूर साफ करायचे, चंदी म्हणजे दाणा द्यायचा. थंडीत घोड्यासाठी अळशी शिजवायचे. तो वास त्यांच्या हातांना असायचा आणि आईने लावलेल्या साबणाने तो जात नसे. आषाढात आमच्या घरातून दोन माणसं निघायची, आजी वारीला आणि वडील घोड्यांबरोबर पुण्याच्या हंगामाला. आजी एकादशी करून परत यायची. वडील दिवाळीच्या तोंडावर यायचे. माझ्या लहानपणातला एकही गणपती मला त्यांच्यासोबत आठवत नाही.

मी सातवीत असताना एका रविवारी संध्याकाळी ते मोरकी, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायचा पट्टा, हातात घेऊन घरी आले. मोरकी तबेल्यात खुंटीला राहते, ती घरी आणायची पद्धत नाही. आईने काही विचारलं नाही. त्यांनी ती मोरीत नेऊन धुतली, परत धुतली, आणि दांडीवर माझ्या शाळेच्या फ्रॉकशेजारी वाळत घातली. जेवताना एवढंच म्हणाले, "पडदे लावले आज." त्याचा अर्थ मला फार पुढे कळला. धावताना घोड्याचा पाय मोडला आणि तो बरा होण्यासारखा नसला, तर स्टँडमधल्या लोकांना दिसू नये म्हणून त्याच्याभोवती पडदे धरतात आणि तिथेच त्याला संपवतात. त्या दिवशीच्या घोड्याला ते लाल्या म्हणायचे. कार्डावरचं त्याचं इंग्रजी नाव त्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.

तेव्हा शर्यती चालू राहाव्यात म्हणून मी हे लिहीत नाही. आमच्या चाळीत गिरणीचा पगार शनिवारी हातात आणि रविवारी रात्री घरात काही नाही, असं मी दोन खोल्यांत पाहिलं आहे. त्यातल्या एका काकूंनी मंगळसूत्रातले मणी एकेक करून विकले. शर्यतींचा पैसा आमच्याही घरी आला आणि तोच पैसा शेजारच्या घरातून गेला होता, हे मला कळत होतं. वडिलांचं मनगट घोड्याच्या लाथेने कायमचं अधू झालं तेव्हा त्या घोड्याच्या मालकाकडून महिन्याभराचा पगार आला आणि निरोप आला की आता दुसरा माणूस बघितला आहे.

पण हे सगळं त्या जमिनीवर घडलं आहे, आणि आता ती जमीन बदलते आहे. १८८३ साली शर्यती भायखळ्याहून महालक्ष्मीला आल्या. आज भायखळ्यात कुणाला सांगितलं की इथे घोडे धावायचे, तर तो तुमच्याकडे बघत राहील. महालक्ष्मीचा ९९ वर्षांचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला. अकरा वर्षं घोळ चालला आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे जातील, ९१ एकर २०५३ पर्यंत शर्यती चालवणाऱ्या क्लबकडे राहतील. म्हणजे शर्यती आज बंद झालेल्या नाहीत. पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते दिसतं. सिंगापूरमध्ये १८४३ पासून घोडे धावत होते, ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची शर्यत झाली आणि ती जमीन घरांसाठी सरकारकडे चालली. मकाऊच्या शर्यतीही त्याच वर्षी थांबल्या. चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सला तर त्या सप्टेंबरात तमिळनाडू सरकारने भाडेकरार रद्द करून टाळं ठोकलं. आपल्याकडे शर्यतींवरचा कर २०२३ मध्ये २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. माझ्या हयातीत नाही, पण माझ्या नातीच्या हयातीत महालक्ष्मीला घोडा दिसणार नाही असं मी धरून चालले आहे.

मला भीती आहे ती त्यानंतरची. मेट्रो तीनने जाताना स्थानकांचे फलक बघा. सिद्धिविनायकाच्या आणि खुद्द महालक्ष्मीच्या नावाआधी विमा कंपन्यांची नावं आहेत. वरळीला आचार्य अत्र्यांच्या नावाआधी म्युच्युअल फंडाचं नाव आहे. ज्या अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी रान पेटवलं, त्यांच्या नावाआधी! पहिल्यांदा तो फलक पाहिला तेव्हा मी गाडीतून उतरले नाही, पुढच्या स्थानकापर्यंत तशीच बसून राहिले. उद्या १२० एकरांच्या त्या उद्यानाचा खर्च निघत नाही म्हणून कुणीतरी हेच सुचवेल, आणि फाटकावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत लागेल. सुचवणाऱ्याला त्यात काही वावगं वाटणार नाही, कारण रेसकोर्सवर हे कधीपासून चालत आलं आहे. फेब्रुवारीतल्या डर्बीला, म्हणजे तिथल्या मोठ्या शर्यतीला, वर्षानुवर्षं मद्याच्या कंपनीचं नाव होतं, लोकही "मॅकडॉवेल डर्बी" असंच म्हणायचे. पण ती क्लबची शर्यत होती, पैसे लावणाऱ्यांनी पैसे लावणाऱ्यांसाठी ठेवलेली. उद्यान महापालिकेचं आहे, जमीन आपली आहे. ज्याला मदत करायची त्याने बाकं द्यावीत, झाडं द्यावीत, पाणपोई बांधावी आणि त्यावर वीतभर पाटी लावावी. आपल्या गावातल्या धर्मशाळांवर अशा पाट्या असतातच. देणारा जागेचं नाव बदलून मागत नाही.

"नावात काय आहे, लोक आपलं तेच म्हणतात" असं माझा मुलगा म्हणतो. तो सात रस्त्याचं उदाहरण देतो. त्या चौकाला जेकब सर्कल म्हणून झालं, संत गाडगे महाराज चौक म्हणून झालं, आणि टॅक्सीवाला अजून सात रस्ताच म्हणतो. खरं आहे. पण सात रस्ता म्हणणारी आम्ही माणसं तिथे राहत होतो. मी आता कळव्याला आहे, माझ्या मजल्यावरची बाकीची बिऱ्हाडं विरार आणि बदलापूरला पांगली. नाव तोंडात ठेवणारी माणसंच उठून गेल्यावर पाटीवर जे लिहिलं असेल तेच खरं होतं.

१९४३ च्या पहिल्या डर्बीत जिंकलेल्या घोडीचं नाव प्रिन्सेस ब्युटिफुल होतं, हे मला पाठ आहे, कारण वडील सांगायचे. तिला खरारा कुणी केला होता ते नाव मी खूप शोधलं, मला कुठेही वाचायला मिळालं नाही. घोड्याचं नाव छापतात, मालकाचं, ट्रेनरचं, जॉकीचं छापतात. सायसाला घोड्याशेजारी फोटोत उभं करतात आणि खाली त्याचं नाव नसतं. आमच्या घरी असा एक फोटो आहे. त्यात वडिलांचा अर्धा चेहरा घोड्याच्या मानेआड आहे.

म्हणून महापालिकेकडे माझं मागणं आहे. जागेला "महालक्ष्मी मैदान" एवढंच नाव द्या, पुढेमागे काही जोडू नका, आणि हे पाट्या रंगवायच्या आधी ठरावाने पक्कं करा. आणि क्लबकडे पगाराची जुनी रजिस्टरं असतील, ती वाळवी खाण्याआधी मागून घ्या. कोकणातले, घाटावरचे, राजस्थानातून आलेले असे कितीतरी सायस, नालबंद, गवताच्या गंज्या वाहणारे तिथे राबले. त्यांची नावं एका भिंतीवर लिहून काढा. घोडे कुठल्या दिशेने धावायचे, पडदे कुठे धरायचे, तेही लिहा. पोरांना खरं कळू दे.

वडिलांचा खरारा, घोडा घासायचा तो ब्रश, माझ्याकडे आहे. लाकडी पाठ, चामड्याचा पट्टा, पट्ट्याला त्यांच्या बोटांचे ठसे पडून खाच झालेली. ती भिंत होणार असेल तर तो मी स्वतः आणून देईन. मला पिशवीत घालून लोकलने यायला काही अडचण नाही, फक्त कुठल्या खिडकीवर द्यायचा ते कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कळवा